एकट्याचा बर्थ : जुन्या जहाजांवरच्या एकट्या प्रवाशाची गोष्ट

आज आपण बोटीच्या आत शिरणार आहोत. फार खोलवर नाही, इंजिनघरापर्यंत तर नाहीच. फक्त झोपायच्या खोलीपर्यंत जायचं आहे, कारण आपला सगळा विषय तिथेच दडलेला आहे.

सहल कंपन्यांच्या माहितीपुस्तिका आपल्यापैकी बहुतेकांनी चाळलेल्या असतील. वर मोठ्या अक्षरांत दर असतो आणि खाली बारीक अक्षरांत दोन शब्द असतात : ट्विन शेअरिंग. दर एका माणसाचा, पण खोलीत दोघं असतील तरच. एकट्याने जायचं असेल तर वर अधिभार. हॉटेलात तो असतोच, पण समुद्रावर तो सगळ्यात जड. कित्येक क्रूझ जहाजांवर एकट्या माणसाला सरळ दोघांचं भाडं भरावं लागतं. जेवणार एक, झोपणार एक, पैसे दोघांचे. यावर एक उत्तर तयारच असतं : 'अहो, खोली तर अडतेच ना?' उत्तर बरोबर आहे. पण मग आपण इतिहासाच्या माणसांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा : बोटीवर माणूस खोली कधीपासून घ्यायला लागला? कारण शंभर वर्षांपूर्वी तो खोली घेत नव्हता. तो बर्थ घ्यायचा. एक बिछाना.

आजचं आमचं म्हणणं या फरकावर उभं आहे. आगबोटींच्या पहिल्या शंभर-सव्वाशे वर्षांत एकटा प्रवासी हा अगदी नेहमीचा प्रवासी होता. पुढे क्रूझच्या धंद्याने त्याला अपवाद करून टाकलं. आणि मधल्या काळात जी जुनी जहाजं एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात आली, त्यांच्यावर या एकट्या माणसाला थोडी जागा उरली होती. ती जहाजं आता जवळजवळ संपली आहेत.

समुद्रावरच्या सहलीचं वर्णन लिहिणाऱ्या पहिल्या नामवंत लेखकांपैकी एक स्वतःच एकटा प्रवासी होता. विल्यम मेकपीस थॅकरे, जन्म कलकत्त्याचा, १८११ सालचा. १८४४ च्या ऑगस्टमध्ये पी अँड ओ कंपनीने त्याला भूमध्य समुद्राची फेरी फुकट देऊ केली. कंपनीला जाहिरात हवी होती, थॅकरेला बदल हवा होता. निघायला जेमतेम दीड दिवस हातात होता, तरी तो गेला. पत्नी इझाबेला काही वर्षांपासून मनाच्या आजाराने अंथरुणाला खिळल्यासारखी होती, घर मोडलेलं होतं. बोट बदलत बदलत तो जिब्राल्टर, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम करत कैरोला पोचला आणि १८४६ मध्ये त्यावर टोपणनावाने पुस्तक काढलं. पुस्तक विनोदी आहे. त्या विनोदामागे घरी परतायला कोणी नसलेला माणूस आहे, हे माहीत असलं की ते जरा वेगळं वाचलं जातं. पण आपल्या मुद्द्यापुरतं महत्त्वाचं एवढंच की बोटीवर तो एकटा होता याचं कोणाला नवल वाटलं नाही. अर्धी बोट एकट्यांचीच असायची : पलटणीत रुजू होणारे अधिकारी, व्यापारी पेढ्यांचे कारकून, पाद्री, नवऱ्याकडे निघालेल्या बायका, नोकरी संपवून परतणारे लोक. माणसं कामासाठी प्रवास करत होती, आणि काम बहुतेक वेळा एकट्याचंच असतं.

अशा मार्गावरच्या बोटींना लायनर म्हणतात. ठरलेलं बंदर, ठरलेला दिवस, एसटीच्या वेळापत्रकासारखं. लायनरची आतली मांडणी या प्रवाशांवरून ठरायची. वरच्या वर्गात एकेकट्याच्या खोल्या असत. खालच्या वर्गात चार-चार, सहा-सहा बर्थच्या खोल्या, पुरुषांच्या वेगळ्या, बायकांच्या वेगळ्या. तुम्ही तुमच्या बर्थचे पैसे द्यायचे आणि शेजारी कोण येईल ते नशिबावर सोडायचं. आपल्या रेल्वेच्या स्लीपर डब्यात आजही हेच चालतं. तिथे एकटा माणूस चढला म्हणून कोणी त्याच्याकडून समोरच्या बाकाचे पैसे मागत नाही!

आणि आपल्याकडे तर याचा एक मोठा दाखला आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने निघाल्या. नुकतंच अठरावं वर्ष पूर्ण झालं होतं. गोपाळराव मागे राहिले. निघण्याआधी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या श्रीरामपूरला, त्यांनी इंग्रजीत भाषण केलं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी एकेक करून घेतले आणि उत्तरं दिली. अमेरिकेला कशासाठी, इथे शिकायची सोय नाही का, जात वाळीत टाकणार नाही का, हे प्रश्न आपल्याला पाठ असतात. त्यातला एक प्रश्न मात्र आपण भरभर ओलांडून जातो : मी एकटी का जाते? उत्तरात मोठा आवेश नाही. आधी दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं, पण पैसा पुरेना, आणि गोपाळरावांवर म्हातारे आईवडील आणि धाकटी भावंडं अवलंबून होती. म्हणून एकटी. हा हिशेब आहे, आणि तो बोटीच्या भाड्याचा हिशेब आहे.

बोटीवर त्या अगदीच एकट्या होत्या असं नाही. अमेरिकन मिशनरी बायकांची सोबत होती. पण ती सोबत किती अंगाला लागली, ते त्यांच्या पत्रांवरून दिसतं. फारशी लागली नाही. खाण्यापिण्याचे हाल, धर्मावरून बोलणी, समुद्राचा त्रास, हे सगळं सोसून ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. जवळपास दोन महिने. गर्दीतलं एकटेपण म्हणजे काय, ते समजायला हे दोन महिने पुरेसे आहेत. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. समाज त्यांना 'एकटी का?' असं विचारत होता. बोटीच्या कंपनीने तो प्रश्न विचारला नाही. बर्थ एकीचा, भाडं एकीचं.

आता धंदा कसा वळला ते पाहू. इथे एक गमतीदार योगायोग आहे. हँबुर्ग-अमेरिका कंपनीची 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट १८८९ मध्ये सेवेत आली. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कजवळच्या होबोकनहून नेली ब्लाय ही तरुण पत्रकार याच बोटीने जगाला फेरी मारायला निघाली. एकटी, हातात एक लहानशी पिशवी. बहात्तर दिवसांत ती परत आली. तिच्या पुस्तकात एक मजेदार तपशील आहे. पुढच्या एका बोटीवर तिच्याबद्दल अफवा उठली की ही कोणी विक्षिप्त श्रीमंत अमेरिकन मुलगी आहे आणि केसांचा ब्रश व बँकेचं पुस्तक एवढ्यावर जगभर फिरते आहे. लगेच तिच्यात रस घेणारे पुरुषही निघाले. एकट्या बाईभोवती लोक गोष्ट रचतातच. तिने मात्र ते हसण्यावारी नेलं.

हीच बोट पुढे वेगळ्याच कामाला लागली. हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी कमी, बोटी रिकाम्या. कंपनीच्या अल्बर्ट बालिनने डोकं लढवलं. २२ जानेवारी १८९१ रोजी 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' २४१ पाहुणे घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघाली आणि सुमारे दोन महिन्यांनी जिथून निघाली तिथेच परत आली. कुठे पोचायचं नव्हतंच. हौसेची सफर. क्रूझच्या इतिहासात या सफरीचं नाव कायम निघतं, आणि ते रास्त आहे. समुद्रप्रवासातून 'काम' वजा केलं की काय उरतं, ते या सफरीत पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं. उरते ती सुट्टी. आणि सुट्टीला माणूस एकटा जात नाही, निदान धंदेवाल्यांनी तसं धरून चाललं.

तरी पुढची सत्तर वर्षं लायनर हाच मुख्य धंदा राहिला आणि सफरी हा हिवाळ्यातला जोडधंदा. खरा घाव घातला विमानांनी. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली : आधी ब्रिटिशांचं कॉमेट, त्याच महिन्यात अमेरिकनांचं बोइंग ७०७. सहा दिवसांचा प्रवास सहा-सात तासांवर आला. ज्याला काम होतं तो विमानाने गेला. म्हणजे बघा, बोटीवरचा जो नेहमीचा एकटा प्रवासी, तोच आधी उतरला.

मागे राहिलेल्या बोटी क्रूझच्या धंद्यात गेल्या, आणि त्या धंद्याने आपला हिशेब नव्याने मांडला. हा हिशेब नीट समजून घेऊ. क्रूझ कंपन्या जहाजाची क्षमता 'लोअर बर्थ' मध्ये मोजतात. प्रत्येक खोलीत खालचे दोन बिछाने, म्हणजे खोल्या गुणिले दोन. ही झाली शंभर टक्के. खोलीत तिसरं-चौथं मूल झोपलं तर टक्केवारी शंभरच्या वर जाते. म्हणून या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत जहाजं १०४ टक्के, १०५ टक्के भरल्याचे आकडे दिसतात आणि नवख्या वाचकाला वाटतं की छपाईची चूक झाली. छपाईची चूक नाही. दोघं हे मोजमाप आहे, एवढंच. त्या मोजमापात एकटा माणूस म्हणजे अर्धी रिकामी खोली. शिवाय आधुनिक क्रूझची कमाई नुसत्या भाड्यावर नसते. बार, जुगाराची टेबलं, किनाऱ्यावरच्या सहली, फोटो, दुकानं. दोघं आले तर हा खर्च दोघांचा. तेव्हा त्या अधिभारात नुसतं खोलीचं भाडं नसतं. जी दुसरी व्यक्ती आलीच नाही, तिने न घेतलेल्या पेयाचाही अंदाज त्यात असतो. अन्याय म्हणा, व्यवहार म्हणा. आमच्या मते तो व्यवहार आहे, पण तो व्यवहार आभाळातून पडलेला नाही. तो १९६० नंतरच्या जहाजांच्या नकाशातच आखला गेला.

आता त्या मधल्या जहाजांकडे येऊ. एकच जहाज जरा निगुतीने पाहू, म्हणजे बाकीची समजतील.

१९६५ साली पूर्व जर्मनीतल्या विस्मार इथल्या गोदीने सोव्हिएत युनियनला एक जहाज बांधून दिलं : 'अलेक्सांद्र पुश्किन'. एकाच बांधणीच्या पाच बहिणी होत्या, आणि सगळ्यांना कवी-लेखकांची नावं : इव्हान फ्रँको, पुश्किन, तारास शेवचेन्को, शोता रुस्तावेली, मिखाइल लेर्मोंतोव. (यातली शेवटची १९८६ मध्ये न्यूझीलंडच्या किनाऱ्याशी खडकावर आदळून बुडाली. प्रवासी वाचले, एक कर्मचारी गेला.) 'पुश्किन' १७६ मीटर लांब, कवच बर्फातून जायला मजबूत केलेलं. १९६६ पासून ती लेनिनग्राद ते माँट्रियल अशी नियमित जाऊ लागली. शीतयुद्धाच्या ऐन काळात सोव्हिएत बोट कॅनडाला ये-जा करते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. ती लायनर होती. कोणी आप्तांना भेटायला, कोणी कामाला, कोणी नुसतं कुतूहल म्हणून तिच्यावर चढत होतं.

पुढे मार्ग आटला आणि तीही सफरींना जुंपली गेली. १९९१ मध्ये एका पाश्चात्त्य मालकाने ती विकत घेतली, ग्रीसमध्ये नेऊन आतून पूर्ण खरवडून काढली, आणि १९९३ मध्ये 'मार्को पोलो' या नावाने ती पुन्हा समुद्रात उतरली. कवच तेच राहिलं. म्हणून तर ती अंटार्क्टिकापर्यंत जाऊ शकली. २०१० पासून ती लंडनजवळच्या टिलबरी बंदरातून ब्रिटिश प्रवाशांना घेऊन निघू लागली.

टिलबरीबद्दल दोन वाक्यं. थेम्स नदीच्या तोंडाशी असलेलं हे बंदर आपल्याकडच्या जुन्या लोकांना माहीत होतं. हिंदुस्थानातून जाणाऱ्या पी अँड ओच्या कितीतरी बोटी तिथे लागायच्या. जून १९४८ मध्ये कॅरिबियन बेटांतून कामाच्या शोधात निघालेल्या लोकांना घेऊन 'एम्पायर विंडरश' तिथेच आली. ती बोट मूळची जर्मन, 'मोन्टे रोझा', आणि नाझी काळात कामगारांच्या सुट्टीच्या सफरींना वापरलेली. तेव्हा जहाजांचा धंदा एकाच दिशेने बदलतो असं समजू नका. सुट्टीची बोट पुढे पोट भरायला निघालेल्यांची होऊ शकते.

तर 'मार्को पोलो'. जेमतेम आठशे प्रवासी. शेजारी आजची मोठी जहाजं ठेवली तर ही त्यांच्या बाजूला होडीसारखी दिसेल. २००९ ची 'ओएसिस ऑफ द सीज' दोघांच्या हिशेबानेच ५,४०० माणसं नेते. 'मार्को पोलो'च्या खोल्यांना बाल्कनी नव्हती. पाण्यावर घसरगुंड्या नाहीत, मुलांचा गोंगाट नाही, कारण सफरी मोठ्यांसाठीच. मागच्या बाजूला उघडे डेक, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेले. आत दोन-चार बैठकीच्या जागा, एक मोठं जेवणघर, एक वाचनालय.

आता या बोटीवर एकटा माणूस चढला आहे अशी कल्पना करा. ब्रिटनच्या अशा जुन्या जहाजांवर तो बहुधा साठी-सत्तरीच्या पुढचा असायचा, आणि 'तो'पेक्षा 'ती' असण्याचा संभव जास्त. नवरा गेलेला, मुलं आपापल्या संसारात. विमानतळाचा त्रास नको म्हणून घराजवळच्या बंदरातून निघायचं. खोली लहान, पण खोलीत बसायचंच नव्हतं. बाल्कनी नसली की माणूस बाहेर पडतो, आणि बाहेर पडला की दुसरा भेटतो. आमच्या मते जुन्या जहाजांचं सगळं रहस्य याच एका गोष्टीत आहे, आणि ते कोणी मुद्दाम घडवलेलं नव्हतं. १९८०च्या दशकापासून बाल्कनीच्या खोल्या वाढत गेल्या. दोघांसाठी ती चैन आहे : समुद्र, दोन खुर्च्या, दोन पेले. एकट्यासाठी तीच बाल्कनी दार लावून घ्यायची सोय होते. दुसरी खुर्ची रिकामी दिसत राहते, ते वेगळंच.

जेवणाचंही तसंच. जुनी रीत अशी की पहिल्या संध्याकाळी तुमचं टेबल ठरायचं, सहा किंवा आठ जणांचं, आणि सफर संपेपर्यंत तेच. पंगतच म्हणा ना. पहिल्या दिवशी सगळे अवघडलेले. तिसऱ्या दिवशी कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते सगळ्यांना ठाऊक. दहाव्या दिवशी एखादी खुर्ची रिकामी दिसली तर पाच जण विचारतात की बाई कुठे आहेत, बरं नाही का? एकट्याने प्रवास करणाऱ्याला याहून मोठा विमा कुठला? अर्थात टेबलावर एखादा बडबड्या निघाला तर पंधरा दिवसांची शिक्षा, हेही खरंच. नव्या जहाजांनी 'केव्हाही या, कुठेही बसा' अशी मोकळीक दिली. मोकळीक चांगली, पण तिच्यामुळे एकट्या माणसाला रोज रात्री नव्याने ठरवावं लागतं की आज कोणाजवळ बसू?

आणखी एक पद्धत आज ऐकताना जरा विचित्र वाटेल. एकट्या बायकांची संख्या जास्त, म्हणून काही कंपन्या नाचाला जोडीदार म्हणून प्रौढ पुरुष बोटीवर ठेवायच्या. नेटके कपडे, उत्तम नाच, गोड बोलणं. नियम कडक : सगळ्यांबरोबर सारखं नाचायचं, एकीलाच धरून बसायचं नाही. १९९७ मध्ये जॅक लेमन आणि वॉल्टर मॅथाऊ यांचा 'आउट टु सी' हा अख्खा विनोदी सिनेमा या नोकरीवर निघाला. हसू येतं, ठीक आहे. पण सत्तरीच्या बाईला संध्याकाळी दोन गाण्यांपुरतं कोणीतरी हात पुढे करून 'येता का?' असं विचारावं, यासाठी कोणाला पगारी माणूस ठेवावा लागतो, यात हसण्यासारखं फार नाही.

तेव्हा जुन्या जहाजांवर दया भरून वाहत होती असं चित्र आम्हाला उभं करायचं नाही. एकट्याच्या खोल्या काही जहाजांवर चांगल्या संख्येने होत्या. नॉर्वेजियन मालकांची १९६५ ची 'सागाफ्योर्ड' आणि १९७३ ची 'व्हिस्टाफ्योर्ड' त्यासाठी नावाजलेल्या होत्या. पुढे ब्रिटनमधल्या सागा कंपनीने त्या दोन्ही घेतल्या आणि पन्नाशीपुढच्या प्रवाशांत त्या फार लोकप्रिय झाल्या. पण त्या खोल्या मुळात अटलांटिक ओलांडणाऱ्या आणि लांबच्या सफरींवर जाणाऱ्या एकेकट्या गिऱ्हाइकांसाठी आखलेल्या होत्या. नव्या मालकांना त्या आयत्या मिळाल्या. भिंती पाडून मोठ्या खोल्या करायला खर्च येतो. मग एकट्याला विकायच्या. म्हणजे या चांगुलपणाचं मूळ बरंचसं जुन्या भिंतींत होतं.

आणि जुनेपणाची किंमतही होती. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी 'मार्को पोलो' ४२ रात्रींची सफर आटोपून अझोर्स बेटांकडून टिलबरीला परतत होती. इंग्लिश खाडीत मोठं वादळ. एक प्रचंड लाट जेवणघराच्या बाजूला आदळली, खिडक्या फुटल्या, पाणी आत आलं आणि ८५ वर्षांचे एक प्रवासी दगावले. समुद्रापासून जवळ असलेल्या, खाली बसवलेल्या खिडक्या हे जुन्या जहाजाचं सौंदर्य, आणि त्या दिवशी त्याच खिडक्यांतून पाणी आलं.

जुन्या जहाजांच्या जिवावर आधी नियम उठले. सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या तरतुदीनुसार १ ऑक्टोबर २०१० पासून प्रवासी जहाजांच्या बांधणीत जळणारं लाकूड चालेना. आगीच्या दृष्टीने हा नियम योग्यच होता. पण लाकडी तावदानं, लाकडी जिने ही जुन्या लायनरांची हाडंच. ती बदलायची तर नवं जहाज परवडेल. 'सागाफ्योर्ड', तेव्हाची 'सागा रोझ', या नियमाच्या तोंडावर निवृत्त झाली. 'मार्को पोलो' आतून नवी झाली होती म्हणून तगली. तिच्याच कंपनीकडे काही वर्षं १९४८ ची 'अस्टोरिया' होती. ही मूळची 'स्टॉकहोम', १९५६ मध्ये 'आंद्रेया डोरिया'वर आदळलेली तीच. त्यानंतर ती पूर्व जर्मनीत गेली, कामगार संघटनेची सुट्टीची बोट झाली, आणि तिच्यावरून समुद्रात उडी टाकून पश्चिमेकडे पळून जाणारे लोकही निघाले. तेही एकटेच प्रवासी, फक्त परतीचं तिकीट टाकून दिलेले.

मग आला कोरोना. २० जुलै २०२० रोजी 'मार्को पोलो'ची कंपनी, क्रूझ अँड मेरिटाइम व्हॉयेजेस, दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जहाज लिलावात सुमारे २७ लाख डॉलरला गेलं. दुबईत तरंगतं हॉटेल करायचा बेत होता, तो फसला. जानेवारी २०२१ मध्ये ती गुजरातच्या किनाऱ्याला, अलंगला लागली.

अलंगला अशी किती बोटी आल्या! १९६२ ची फ्रान्सची दिमाखदार 'फ्रान्स', पुढची 'नॉर्वे', २००६ मध्ये आली आणि तिच्यातल्या अॅस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. 'व्हिस्टाफ्योर्ड', म्हणजे 'सागा रुबी', २०१७ मध्ये आली. आणि एक आपल्या जवळची. इटलीच्या लॉइड ट्रिएस्टिनो कंपनीची 'व्हिक्टोरिया', १९५३ सालची. ती इटली, मुंबई, कराची, हाँगकाँग या मार्गावर जायची. विमान न परवडणाऱ्या काळात युरोपात शिकायला निघालेली आपली मुलं अशाच बोटींनी मुंबईचा धक्का सोडायची. गळ्यात हार, ट्रंकेवर रंगवलेलं नाव, आणि धक्क्यावर रुमाल हलवणारं अख्खं घर. बोट सुटली की मुलगा एकटा. १९७८ मध्ये एका धर्मादाय संस्थेने ती घेतली, 'अनास्तासिस' नावाने इस्पितळ-जहाज केलं, आणि २००७ मध्ये ती अलंगला मोडायला आली. मुंबईहून समुद्राने काही तासांच्या अंतरावर.

क्रूझच्या धंद्याला एकट्याची आठवण पुन्हा झाली, ती २०१० मध्ये. 'नॉर्वेजियन एपिक' या नव्या जहाजावर एकेकट्यासाठी १२८ खोल्या बांधल्या गेल्या. जेमतेम शंभर चौरस फूट, समुद्राकडे खिडकी नाही, आणि त्या सगळ्यांना मिळून बसायला एक वेगळी बैठक. वर्तमानपत्रांनी याला नवी कल्पना म्हटलं. इतर कंपन्यांनीही मग थोड्याथोड्या अशा खोल्या काढल्या. या खोल्या मागणी दिसली म्हणून बांधल्या गेल्या. एकटी राहणारी माणसं जगभर वाढली आहेत आणि त्यांच्याकडे पैसा आहे. तरी एका जहाजात चार हजार माणसं आणि एकट्यांच्या खोल्या सव्वाशे, हे प्रमाण बघा. शिवाय मागणी वाढली की त्यांचाही दर चढतो, कधी कधी दोघांच्या खोलीच्या जवळ जातो.

अलंगला मोडलेल्या बोटींचं काय होतं ते सांगतो आणि थांबतो. पोलाद गिरण्यांना जातं. उरलेला संसार अलंग ते त्रापज रस्त्याच्या कडेच्या दुकानांत येतो. कपबशा, आरसे, गाद्या, जीवरक्षक जाकिटं, जेवणघराच्या खुर्च्या, हॉटेलवाल्यांनी घासाघीस करून नेलेले सोफे. पलंगही असतात, एकावर एक रचलेले. बहुतेक अरुंद, एका माणसाचे. क्रूझवर दोघांची खोलीसुद्धा बऱ्याचदा असे दोन पलंग जोडूनच केलेली असते. मोडल्यावर ते पुन्हा सुटे होतात, आणि दुकानदार ते सुटेच विकतो.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.